मामंजींच्या हातचा रस

परवा लेकीकडे गेले होते. तिच्या सुनेनं केळी, चिकू, दूध आणि बर्फ असं सगळं त्या मशिनीत कोंबलं, झाकण लावलं आणि बटण दाबलं. असा काही आवाज झाला की मी पदर सावरून उठूनच बसले. मिनिटभरात फेसाळ पेला माझ्या हातात. "आजी, कसं झालंय?" चांगलं झालं होतं. गोड होतं, गार होतं, आणि मुख्य म्हणजे मला मागावं लागलं नव्हतं. पण पहिला घोट घशाखाली गेला आणि कानात मामंजींचा आवाज आला, "मारलंस की गं फळाला, सटवे!"

मामंजी म्हणजे माझे सासरे. आष्ट्याजवळच्या आमच्या गावात त्यांची तालीम होती आणि सगळा गाव त्यांना वस्ताद म्हणायचा. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांनी हे काढलं त्यांना आमचे मामंजी भेटलेले नसणार. मी तर बोलणार.

माणूस दिसायला देखणा होता, हे कबूल केलं पाहिजे. साठीतही पाठ ताठ, कान कुस्त्यांनी मोडलेले, मिशी पांढरी शुभ्र, पायात करकरत्या वहाणा. त्या वहाणा सोप्यात वाजल्या की स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा हळू वाजायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. कशानं गेल्या असं मी एकदा शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, "सुटल्या म्हना की."

मी साताऱ्याची, शहरातली, सातवी शिकलेली. म्हणून मामंजी मला नावानं कधी हाक मारत नसत. सातारकरीण म्हणायचे, तेही अशा सुरात की जणू साताऱ्यानं त्यांचं काही चोरलंय. "सातारकरीण, भाकरी थापतीयास का पत्र लिवतीयास?" त्यांनी बाईमाणसावर हात कधी टाकला नाही. त्यांना गरजच पडायची नाही, जीभ होती ना.

आणि हाच माणूस फळाला हात लावायचा तेव्हा बघत राहावं.

घरातली सगळी कामं बायकांची, पण पैलवानाच्या खुराकाचा रस करायचा तो मामंजींनीच. अंघोळ करून, ओल्या कपाळाला भस्म लावून ते माजघरात पाटावर बसायचे. समोर धुवट पंचा अंथरलेला. उन्हाळ्यात आंबे. अढीतला एकेक आंबा उचलून नाकाशी धरायचे, बोटानं दाबायचे नाहीत, नुसता हुंगायचे. पसंत पडला की दोन्ही तळव्यांमध्ये घेऊन हलकेच फिरवत बसायचे, तान्ह्या पोराला तेल लावावं तसा. आतल्या आत आंबा विरघळायचा. मग देठ काढून चिकाचा पहिला थेंब टाकून द्यायचा आणि बाकीचा रस मलमलीच्या फडक्यावर सोडायचा. फडकंही पिळायचं नाही. रस आपला आपण गळू द्यायचा. खाली दूध, वाटलेले बदाम, खसखस, वर चमचाभर तूप. शेवटी रवी, तीही सावकाश.

कार्तिकात सीताफळं. प्रत्येक बी गरातून बोटांनी सोडवायची, फुटू द्यायची नाही. केळ्याला सुरी लावायची नाही, चिमटीनं तोडायचं. पेरू असला तर बिया गाळायला पुन्हा तीच मलमल, तोच धीर. "फळाला घाई केली की फळ रुसतंय," असं म्हणायचे. "मऊ हातानं घ्यावं. आपनहून देतंय." मी दाराआडून, फटीतून बघायची, ऐकायची आणि मनात म्हणायची, हे फळाचं तुम्हाला कळतं, मग माणसाचं काय झालं हो?

दाराआडून, कारण आत जायची बंदी होती. पैलवानाच्या खुराकावर कुणाची नजर पडू नये, असा त्यांचा नेम. भुकेल्याची नजर पडली की खुराक अंगी लागत नाही, आणि घरातल्या बायका तर कायमच्या भुकेल्या, हे त्यांनाही ठाऊक असावं. म्हणून रस व्हायचा तो दार लोटून. रसाची पितळी चरवीसुद्धा आम्हाला घासायला मिळायची नाही. ती मामंजी स्वतः विहिरीवर नेऊन राखेनं आणि काथ्यानं खसाखसा घासायचे, झाकण लावूनच परत आणायचे आणि खुंटीला उंच टांगायचे. चरवीची आतली बाजू मी त्या घरात एकदाच पाहिली, तीही फार उशिरा.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मला हे काही माहीत नव्हतं. माहेरी आम्ही आठ पोरं एका पातेल्यातून रस खायचो. मी आपली सहज म्हणून गेले, "मामंजी, आम्हालाही थोडा ठेवा हं." माजघराचं दार उघडलं. मामंजींनी पिळलेल्या कोयींचं ताट माझ्या पायाशी सरकवलं आणि म्हणाले, "घे. सातारला कोयी मिळत न्हाईत वाटतं." मी त्या कोयी धुतल्या, त्या पाण्याचं सार केलं आणि आम्ही सगळ्यांनी ते भाकरीशी खाल्लं. चव चांगली होती. पुढं सगळे उन्हाळे मी तेच केलं.

त्यांच्या तालमीतल्या पोरांनाही ते सोडत नसत. गावच्या जत्रेत एक पोर हरलं. चांगलं उमदं पोर, कुणब्याचं, एकुलतं. दुसऱ्या दिवशी मामंजींनी सगळ्या तालमीदेखत त्याला केळ्याचा रस भरून पेला दिला. पोराला वाटलं वस्तादांनी माफ केलं. त्यानं ओठाला लावला तसे मामंजी म्हणाले, "थांब. त्यो तुला न्हाई. रेडकाला पाज. ते निदान चार पायांवर उभं तरी ऱ्हातंय." आणि पाजायला लावला हो! पोर रडत रेडकाच्या तोंडाशी पेला धरून उभं, आणि भोवती सगळे हसतायत. त्या पोरानं पुन्हा कुस्तीची लांग चढवली नाही. पुढं पलटणीत भरती होऊन लढाईवर गेलं. मामंजी म्हणाले, "बरं झालं. थितं हारलं तर बगाय कोन न्हाई."

असे हे मामंजी. त्यांचा सगळा जीव एका माणसात होता, तो म्हणजे माझा धाकटा दीर दत्तू. दत्तूभावजी म्हणजे एवढा मोठा डोंगर आणि आत मन पाखराचं. बापानं बैस म्हटलं की बसायचे, ऊठ म्हटलं की उठायचे. मामंजींची स्वतःची जवानीत एका मोठ्या मैदानात पाठ मातीला लागली होती, आणि ती माती दत्तूच्या हातून झाडून घ्यायची, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. सांगलीच्या मैदानात दत्तूची कुस्ती कोल्हापूरच्या एका नावाजलेल्या पैलवानाशी लावायची म्हणून ते कित्येक वर्षं झटत होते.

दत्तूभावजींचं लग्न लहानपणीच लागलं होतं. बायको पाटणकडची, कोयनेच्या खोऱ्यातली, सोना. नांदायला आली तेव्हा काळीसावळी, बारीक, हसरी. मला आक्का म्हणायची. मामंजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं की पैलवान तालमीत झोपेल, कुस्ती होईस्तोवर नवरा-बायकोनं एकमेकांचं तोंड बघायचं नाही. पैलवान लंगोटाचा पक्का पाहिजे. सोनानं मान हलवली.

पण तरणीताठी माणसं ती. आणि घर काही तुरुंग नव्हतं, मामंजींनी कितीही केलं तरी. पौषात मला कळलं, माघात सगळ्यांना कळलं. सोनाला दिवस गेले होते.

मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. तसं काहीच झालं नाही. मामंजी सोप्यात बसले, दोन्ही मुलांना आणि आम्हा दोघींना समोर बोलावलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आमच्या तालमीत चोरी झालीया. वर्साची कमाई ग्येली. चोर घरातलाच हाय, पोटात माल घिऊन हिंडतुया." दत्तूभावजी खाली बघत होते. सोना पदर तोंडाशी धरून माझ्यामागं सरकली. "तिनं पैलवानाचं खाल्लंय," मामंजी पुढं म्हणाले, "आता तिनंच वाटून घालायचं."

तेव्हापासून बदाम आणि खसखस वाटायचं काम सोनाकडं आलं. आत्तापर्यंत ते तालमीतलं कुणीतरी करायचं. आता भल्या पहाटे सोनानं पाट्यावर बसायचं, तेही भिंतीकडे तोंड करून आणि तोंडाला फडकं बांधून. फडकं मामंजी स्वतः बांधायचे. गाठ डोक्यामागं घट्ट. गाईगुरांना मळणीच्या वेळी मुसकं बांधतात ना, खाऊ नये म्हणून? तेच. मी एकदा म्हटलं, "मामंजी, तिला श्वास घेता येत नाही हो." तर म्हणाले, "नाक हाय की. नाकानं कुनाचं काय खाता येत न्हाई."

आणि सोनाला डोहाळे कशाचे लागावेत? रसाचे. दुसरं काही नको. चिंच नको, माती नको, मिरची नको. पाठीमागं तळव्यांत आंबा फिरत असायचा, त्याचा वास घरभर दरवळायचा आणि ही पोर भिंतीकडे तोंड करून वाटतेय. बाजूला आली की मला म्हणायची, "आक्का, निस्ता येक घोट. येकच घोट हो." मी माझ्या हातांनी चोरून केळं-दूध कालवून दिलं. मागून आंबा मिळाला तसा आंबाही दिला. एक घोट घेऊन तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "ग्वाड हाय आक्का. पर ह्यो त्यो न्हवं."

शेवटी मी पदर खोचला आणि मामंजींपुढं उभी राहिले. "तिला डोहाळे लागलेत. गरवार बाईचा डोहाळा मोडू नये म्हणतात. पोराची लाळ गळेल जन्मभर."

ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "गळू दे की. बाप मैदानात लाळ गाळनार, पोरगं पाळन्यात गाळंल. घरात रीतच पडंल."

एवढं बोलून हसले. मी सांगते, मामंजी चिडले की मला तेवढी भीती वाटायची नाही. हसले की वाटायची.

कुस्ती ठरली वैशाखात. आदल्या संध्याकाळी मामंजींनी अढीतले निवडक रायवळ आंबे काढले. रायवळ म्हणजे बांधावरचा देशी आंबा, गोड खरा पण मागून आंबटपणा येतोच. दूध उन्हात नासेल म्हणून घातलं नाही. नुसता रस चरवीत भरला आणि चरवी ओल्या वाळूत पुरली, गार राहावी म्हणून. ती तशीच गाडीतून सांगलीला न्यायची आणि दुपारी मैदानात उतरायच्या आधी दत्तूला पाजायची, असा बेत.

पहाटे सोना पाट्यावर होती. मी चुलीपाशी गाडीतल्या माणसांची भाकरी बांधत होते. माजघराचं दार त्या दिवशी गडबडीत अर्धवट उघडं राहिलं होतं. मामंजींनी बदामाची गोळी आणि तूप सोडायला चरवीचं झाकण काढलं आणि सोनाचं वाटणं थांबलं. तिनं फडकं खाली ओढलं, वळली आणि म्हणाली, "मामंजी, रस कळाकलाय."

आता हे समजून घ्या. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई असते. ती उतरली आणि आत काही आंबट ठेवलं, की ते कळकतं. हिरवट होतं आणि पोटात गेलं तर आतडी पिळवटून काढतं. आमच्याकडे परकरातल्या पोरीला हे ठाऊक असतं. लढाईचे दिवस होते, कल्हईचं कथील मिळत नव्हतं, कल्हईवाला गावात फिरकला नव्हता. बाकीची भांडी आम्ही बायका बघत होतो, कल्हई गेलेली बाजूला ठेवत होतो. पण ती एक चरवी! ती आम्हाला दाखवायचीच नाही ना. मामंजींनी स्वतःच राखेनं घासून घासून तिची कल्हई खाल्ली होती आणि बाकी भांड्यांना जन्मात हात लावलेला नाही, त्यामुळे त्यांना पत्ताच नाही. रोजचा रस दुधातला आणि लगेच प्यायचा, म्हणून निभावत होतं. आज रात्रभर आंबट रस त्यात बसला होता. आणि गरवार बाईचं नाक काय असतं, ते ज्यांनी नऊ महिने काढलेत त्यांनाच माहीत.

मामंजींनी झाकण हातातच धरून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तोंडाला पानी सुटलं व्हय गं?"

"न्हाई वो मामंजी. वास येतुया. तांब्याचा वास. पैलवानास्नी द्येऊ नगासा."

"म्हंजी ह्यो रस टाकून द्येयाचा. आन् टाकायचा कुटं, तर तुज्या नरड्यात."

"आयच्यान सांगते मामंजी..."

"बांद फडकं."

मी उठून दारात गेले. म्हटलं, "मामंजी, बघा तरी एकदा. ती कशाला खोटं बोलेल?" त्यांनी झाकण लावलं, पण त्याआधी एक पळीभर रस काढला. मला वाटलं आता चाखून बघतील. ते उठले, अंगणात गेले आणि ती पळी आमच्या कुत्र्यापुढं ओतली, सोनाला दिसेल अशी. म्हणाले, "कुत्र्याला दीन, पर तुला न्हाई." कुत्र्यानं हुंगलं आणि ते निघून गेलं. मी म्हटलं, "बघा, कुत्रं खाईना." तर म्हणाले, "त्येचं प्वाट भरलंय. तुमचंच भरत न्हाई."

गाडी निघाली. सोना पाट्यापाशीच बसून होती. मला म्हणाली, "आक्का, त्येंच्या पोटाला काय हुईल वो?" तिला स्वतःची काळजी नव्हती, त्या डोंगराची होती.

पुढचं मला यांनी त्याच संध्याकाळी गाडी दारात येताच सांगितलं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. गाडीबरोबर हेही होते. दुपारी दत्तूभावजींनी चरवीतला रस घटाघटा प्यायला. तोंड वाकडं केलं, पण बापापुढं बोलतील कसे? मैदानात उतरेपर्यंत कपाळावर घाम आला होता. सलामी झाली, हात लागला आणि तो एवढा मोठा गडी पोट धरून वाकला. समोरच्यानं काय करायचं? उचलला आणि टाकला. दत्तूभावजी चीत झाले आणि तिथंच मातीत ओकले. हजारो माणसं हसत होती.

समोरच्या पैलवानाचा वस्ताद जुना माणूस, धावत आला. त्यानं चरवीत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "वस्ताद, पोराला इख पाजलंसा की वो! कल्हई कुटं हाय ह्येला? ह्ये बगा, समदं हिरवं."

मामंजींनी पाहिलं. सगळं पाहिलं. दत्तूला डॉक्टरकडे धाडलं आणि स्वतः चरवी घेऊन कृष्णेच्या घाटावर गेले. यांनी मागं जाऊन बघितलं तर मामंजी पाण्यात उभे, मूठमूठ वाळू घेऊन चरवी आतून घासतायत. हिरवं जाईस्तोवर घासली. मग झाकण लावलं आणि गाडीत येऊन बसले.

दिवेलागणीला घरी आले. दत्तूभावजींना धरून आत नेलं. मामंजी अंगणात उभे राहिले आणि शेजारपाजार गोळा झाला तसे मोठ्यानं म्हणाले, "माज्या पैलवानाला ह्या बाईची नजर लागली. आज फाटंच्या पारी रसावर जीभ चाटत हुती. इचारा सातारकरनीला."

मी सगळ्यांदेखत सांगितलं, "चरवी कळकली होती. हिनं आधी सांगितलं होतं. सांगलीत सगळ्यांनी बघितलंय." तसं त्यांनी गाडीतून चरवी आणली, झाकण उघडून लोकांपुढं फिरवली. आतून लख्ख. "बगा. वस्तादाचं भांडं कळाकत न्हाई. बाईची नजर कळाकती." लोकांनी माना डोलावल्या. यांच्याकडे पाहिलं, तर हे बैलांना पाणी दाखवायला गेले होते. बैलांना इतकी तहान मी कधी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सोनाला माहेरी धाडलं. पहिलं बाळंतपण माहेरी असतंच, त्यात काही नाही. पण ओटी भरून, न्यायला माहेरचा मुराळी बोलावून, चार बायकांनी निरोप द्यायचा असतो. मामंजींनी ओटी भरू दिली नाही. म्हणाले, "ओटी भरलेलीच हाय तिची. परत आनायला आमचा मुराळी यायाचा न्हाई." दत्तूभावजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती दाराशी जाऊन उभी राहिली. ते वळले नाहीत. जागे होते मेले.

मी गाडीमागून वेशीपर्यंत गेले. तिथं गाडी थांबवून माझ्या पदरात लपवलेले तांदूळ आणि नारळ तिच्या ओटीत घातले. म्हटलं, "सोने, तुझंच खरं होतं. चरवी हिरवी झाली होती आतून."

तिचा चेहरा उजळला हो. "खरं आक्का? मग सांगा की मामंजीस्नी! त्येस्नी कळलं तर ठिवून घेतील मला."

मी काय सांगू? म्हटलं, "त्यांना ठाऊक आहे."

तिनं ओटीतला नारळ पदरात बांधला. मग तोंड फिरवून बसली. गाडीवानानं बैल हाकले.

तिकडं मुलगा झाला, एवढं उडत उडत कानावर आलं. घरात तिचं नाव काढायची बंदी होती. दत्तूभावजींना दुसरी बायको केली. तिला मूल झालं नाही. मला तर दोन लेकी, आणि माझ्या लेकींकडे बघून मामंजी म्हणायचे, "ह्या दोगी काय, दुसऱ्याच्या घरची सरपनं." त्या कुस्तीनंतर दत्तूभावजींनी आखाड्यात पाय ठेवला नाही. हळूहळू तालमीतली पोरंही पांगली. मामंजी एकटेच आखाड्याची माती खणायचे, पाणी मारायचे आणि कडेला बसून राहायचे.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या-मागच्या वर्षाची गोष्ट. एका सकाळी मामंजी मला म्हणाले, "सातारकरीण, नवं लुगडं नेस. पाटनला जायाचं. पोरगं आनायचं." मी म्हटलं, "आणि पोराची आई?" ते म्हणाले, "ती कशाला? गाय कोन मागतंय? खोंड आनायचाय." मी जायला तयार झाले ते मामंजींसाठी नाही. मला सोनाला बघायचं होतं.

कराडपर्यंत गेलो, तिथून सर्व्हिस मोटारीनं पाटण, तिथून भाड्याची बैलगाडी. सोनाच्या भावाचं घर टेकडीच्या पोटात, पुढं सारवलेलं खळं. खळ्यावर पोरांचा गोंधळ चालला होता. सोना दारात आली. अंगानं भरली होती, चालण्यात वजन आलं होतं. मला तिनं मिठी मारली. मामंजींना वाकून नमस्कार केला, घोंगडं अंथरलं. एका पोरानं पाण्याचा तांब्या आणून दिला. मामंजी पाणी प्यायले, तांब्या परत केला आणि म्हणाले, "पोरगं न्यायला आलोया."

"कंचं पोरगं?" सोनानं विचारलं.

"आमचं. दत्तूचं. वौंसाचा दिवा हाय त्यो."

तिचा भाऊ कोयता घेऊन दाराशी उभा होता, तो पुढं सरकला. सोनानं त्याला हातानं थांबवलं. मग मामंजींना म्हणाली, "मी कशाला आडवू? तुमचं हाय तर न्या की. हितंच हाईत समदी पोरं. वळखा आन् न्या."

मला वाटलं चेष्टा करतेय. पण तिच्या तोंडावर हसू नव्हतं. मामंजींनी खळ्याकडे बघितलं. सगळी एका वयाची, एका मातीनं माखलेली पोरं. ते उठले. पोरांत एक दांडगं, गुटगुटीत पोर होतं, मांड्या अशा भरलेल्या. मामंजींनी त्याचा दंड धरला, चाचपला आणि खुशीनं म्हणाले, "ह्यो. ह्यो आमच्या रगताचा."

"त्यो माज्या भावाचा थोरला," सोना म्हणाली.

मामंजींनी दंड सोडला. दुसऱ्याची हनुवटी वर केली. "मग ह्यो."

"त्यो शेजारच्या न्हाव्याचा."

पोरांना खेळ वाटला. ती त्यांच्याभोवती उड्या मारायला लागली. "मला वळखा वो म्हातारबाबा! मला!" मामंजी एकाला धरायचे, सोडायचे, दुसऱ्याकडे वळायचे. कपाळावर घाम आला. पटका सुटून खांद्यावर आला. शेवटी ते खळ्याच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "सांग की गं, पोरी." त्या घरात इतकी वर्षं काढली, त्यांच्या तोंडून पोरी हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

सोना म्हणाली, "दोन घास जेवून जावा. लांबचा पल्ला हाय."

ते जेवले नाहीत. मी जेवले. नाचणीची भाकरी आणि वरण्याची आमटी, पोटभर. निघताना सोनानं माझी ओटी भरली. मामंजी आधीच गाडीत जाऊन बसले होते.

खरं सांगते, त्या वेळी मला त्यांची कीव आली नाही. आजही येत नाही. ते त्या पावसाळ्यातच गेले आणि शेवटपर्यंत त्यांनी पाटणचं नाव काढलं नाही.

गाडी उताराला लागली तरी मामंजी मान मागं वळवून बसले होते. पोरं अजून टेकडीवरून ओरडत होती. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सातारकरीण, तुला कळलं का गं, कंचं ते?"

मला खळ्यावर पाय ठेवतानाच कळलं होतं. सगळ्यांत बारकं पोर, दत्तूभावजींसारखा डावा पाय आत टाकत चालणारं. पाण्याचा तांब्या त्यानंच आणून दिला होता.

"नाही मामंजी," मी म्हणाले. "मला कसं कळणार?"